अण्णासोंच्या हातचा जवळा

अण्णासो चौगुल्यांचा एकुलता एक मुलगा, अनेकांत त्याचं नाव, गडमुडशिंगीच्या रस्त्यावर अपघातात गेला, त्याला चार महिने झाले. अण्णासो रडले नाहीत. दिवस-कार्य आटोपलं आणि कोल्हापुरातलं बियाण्यांचं दुकान उघडून बसले. लोक म्हणाले, लई घट्ट माणूस. घट्ट कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं. चहा गरम की गार, तेही जिभेला कळत नव्हतं.

पोरानं मागं ठेवलं काय, तर बायको दीपा आणि खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत हौसेनं पाळलेला एक खेकडा. आता जैनाच्या घरात खेकडा म्हणजे कमालच! अण्णासो दिवस मावळायच्या आत जेवणारे, पाणी गाळून पिणारे. आणि त्या बाबाला खायला लागतो सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी.

दीपा पंधरा दिवस जयसिंगपूरला माहेरी निघाली. जाताना सासऱ्यांना म्हणाली, "मामा, जवळा संपलाय. शेजारच्या धोंडुबाईंकडनं चिमूटभर घ्या आणि टाका तेवढा." अण्णासोंनी मान डोलावली आणि रोज पालकाचं पान टाकलं.

पाचव्या दिवशी बघतात तर खेकडा वाळूवर उताणा. उचलला, तर अगदी हलका. पालकावर ठेवून उपाशी मारला की आपण, असं त्यांच्या मनात आलं, पण वाईट काही वाटेना. मेलेला जीव घरात नको म्हणून परसात जास्वंदीखाली पुरला, आंघोळ केली आणि दीपाला फोन लावला.

"खेकडा गेला गं."

"जड होता?"

"न्हाय. नुसतं टरफल."

"अवो मामा, कात टाकलीय त्यानं! दगडामागं बघा."

दगडामागं खरंच खेकडा होता. फिकट, मऊ, अंग चोरून बसलेला. दीपा म्हणाली, ती कात टाकीतच असू द्यायची, तीच खाऊन त्याचं नवं कवच टणक होतं. अण्णासो परसात धावले. मांजरानं कधीच उकरून नेली होती.

"मग आता जवळाच," दीपा म्हणाली. "दोन-तीन दिवसांनी बाहेर आला की घाला. न्हायतर टिकायचा न्हाय, मामा."

तिसऱ्या दिवशी खेकडा दगडाबाहेर आला. अण्णासो धोंडुबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. चाळीस वर्षांचा शेजार, पण त्या घरचं पाणीसुद्धा त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

"वैनी, जवळा हाय का थोडा?"

धोंडुबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "तुमास्नी?"

"खेकड्याला."

अनेकांतनं एकदा हेच मागितलं होतं. दोघं नवरा-बायको दोन दिवस गावाला चालले होते. "अण्णा, एवढी चिमूट टाका की," म्हणाला. अण्णासोंनी ठणकावलं होतं, माझ्या हातनं व्हायचं न्हाय. पोरगं बिचारं गावाला जायचंच राहिलं.

घरी येऊन अण्णासोंनी धोंडुबाईंनी दिलेली चिमूट टाकीत सोडली. खेकडा थोडा थांबला, मग नांगीनं एकेक उचलून तोंडात घालू लागला. ते बघत उभे राहिले. बोटांना वास येत होता. वासाची किळस येईल असं वाटलं होतं, तीही आली नाही.

त्यांनी दीपाला फोन केला. "खाल्लं त्यानं."

"कुणी घातला? धोंडुबाईंनी?"

"न्हाय. मीच."

 पलीकडे दीपा हुंदके देऊन रडायला लागली. अण्णासो फोन कानाला धरून ऐकत राहिले. आपल्याला पण रडू येईल म्हणून त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. आलं नाही.

"दीपा," ते म्हणाले, "उद्या किती घालू, तेवढं सांग."