पाठराखिणीचं ताट

गोळाभातावर हिंगाचं कडकडीत तेल ओतलं, की आजही मला शारदीचं सासर आठवतं. शारदी माझी जिवाभावाची मैत्रीण. लग्नानंतर तिची पाठराखीण म्हणून मी उमरेडला गेले होते. पाहुणी म्हणून माझं ताट आधी वाढलं. नवी नवरी दाराआड उपाशी उभी. मी हात मागे घेतला.

"शारदी बसल्याशिवाय मी नाही जेवत."

सासूनं दुसरं ताट वाढलं.

सक्करदऱ्याला आमच्या घरी परतल्यावर बाबांसोबत जेवताना मी हे ऐटीत सांगितलं. वाढता वाढता आई म्हणाली, "काय वं, लोकायच्या घरी असं बोलतेत का?" मग तिनं आपलं ताट घेतलं आणि पहिल्यांदाच आमच्याबरोबर जेवायला बसली.

मी मात्र शारदीच्याच ताटाच्या तोऱ्यात होते. आईचं ताट दिसायला माझं लग्न व्हावं लागलं.