नाक न ओढता सोडलेली फूटपट्टी

‘बाबा गेले हो काका…’ वसंताच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी व्हॉलीबॉलला निघण्यासाठी बुटाची नाडी बांधत होतो. झोपेतच गेला. पाच आठवडे झाले त्याला.

आमच्या देवळाली प्रवरेत वसंता खेळाचा मास्तर, मी त्याच शाळेत क्लार्क. निवृत्तीनंतरही सकाळी मैदान सुटलं नाही. सत्तरी ओलांडली तरी गडी पोरांच्या सर्व्हिस उचलायचा. म्हणायचा, ‘हात मंदावलाय रे, पण डोळा लबाड झालाय. पोराचा खांदा वळला की बॉल कुठं येणार ते कळतं.’ मोटरसायकलवर मात्र ही लबाडी चालेना. मागच्यानं काही विचारलं की उत्तर द्यायला हा गाडीच थांबवायचा! एकदा उसाच्या ट्रॉलीला घासता घासता वाचला, तेव्हा त्यानंच नियम काढला. दर रविवारी मी फूटपट्टी उभी धरून न सांगता सोडायची, त्यानं चिमटीत पकडायची. पट्टीवरच्या लाल खुणेच्या आत पकडली तर आठवडाभर गाडी. निसटली तर किल्ली सुनेकडे.

दोन वर्षं पठ्ठ्या पास होत राहिला. मग एकदा चहा देताना वहिनी मला म्हणाल्या, ‘भावजी, पट्टी सोडायच्या आदी तुमी नाक वढता. ते पट्टीकडं बघतच न्हाईत, तुमच्या नाकाकडं बघत्यात.’

असा राग आला मला! वसंताला म्हटलं, ‘लेका, रस्त्यावरचं कुत्रं नाक ओढून मग आडवं येतं का?’ पुढच्या रविवारी श्वास रोखून पट्टी सोडली. खाड्कन फरशीवर पडली. वसंता कितीतरी वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला… मग उठून त्यानं सुनेला किल्ली दिली. मित्राची गाडी मीच काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी स्वारी माझ्या दारात हजर. ‘चल, तुझ्या मागं बसायला परीक्षा लागत न्हाई.’ मग रोज वाटभर मागून ओरडा: ‘कुत्रं! डावीकडं टेम्पो! अरे, म्हातारी निघाली बघ!’ मी म्हणायचो, ‘गप बस की, दिसतंय मला.’ रविवारी आता पट्टी तो सोडायचा आणि मी पकडायचो. एकदाही चुकलो नाही, आणि माझा तोरा काय विचारता!

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो. पट्टी खिळ्याला तशीच टांगलेली. म्हटलं, ‘सोडा बघू वहिनी.’ त्यांनी गपचूप सोडली. सरळ फरशीवर.

‘ते सोडायच्या आदी खाकरायचे ना,’ वहिनी हसल्या.

‘त्याची सवयच होती ती.’

‘व्हय? एरवी घरात तर कदी खाकरल्याचं आठवत न्हाई मला.’

मी हसलो, हसता हसता डोळे पुसले आणि माझ्या गाडीची किल्ली पट्टीशेजारी खिळ्याला अडकवली. चालतच घरी निघालो. कोपऱ्यावर अचानक पायात काहीतरी आडवं आलं.

‘कुत्रं!’ मीच मोठ्यानं ओरडलो.