उलगडेसाहेब

लाँड्रीतले कामगार त्यांना पाठीमागे ‘उलगडे’ म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं. पण हॉस्पिटलच्या चादरींची घडी कुणीही घालो, हे येऊन ती उलगडत, झटकत आणि पुन्हा स्वतः घालत. बारा वर्षं मॅनेजरच्या खुर्चीवर त्यांच्यापेक्षा त्यांचा कोटच जास्त बसला.

आता या परक्या देशात कायम राहायचं, तर कंपनीच्या अर्जावरून सरकारला पटायला हवं होतं की हा माणूस खरोखर मॅनेजर आहे, माणसांकडून काम करून घेतो, स्वतः राबत बसत नाही. अर्ज फेटाळला तर दोन महिन्यांत गाशा गुंडाळायचा, तोही लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष अर्धवट टाकून. वकीलबाईंनी हाताखालच्या माणसाचं पत्र आजच्या आज मागितलं होतं. इस्त्री विभागाच्या मावशींनी ते लिहिलं आणि बंद पाकीट टेबलावर आणून ठेवलं.

साहेबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बंद कशाला? परवाच त्यांनी मावशींची अख्खी थप्पी उलगडली होती आणि बाई चकार शब्द बोलल्या नव्हत्या. न बोलणारी माणसंच केसाने गळा कापतात. इकडेतिकडे बघून त्यांनी पाकीट इस्त्रीच्या वाफेवर धरलं.

‘आमच्या साहेबांसारखा कष्टाळू माणूस शोधून सापडणार नाही,’ मावशींनी लिहिलं होतं. ‘कुणावर म्हणून काम टाकत नाहीत. प्रत्येक घडी स्वतःच्या हाताने घालतात.’

साहेबांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. वाईट लिहिलं असतं तर भांडता तरी आलं असतं!

“उघडलंत ना?” दारात मावशी उभ्या होत्या. “वाटलंच मला. म्हणून डिंक बेताचाच लावला होता.”

साहेब ओशाळले. “मावशी, या कौतुकाने माझं बिऱ्हाड उठेल हो. मी तुमच्याकडून काम करून घेतो, असं लिहायला हवं.”

“लिहिते की. कागद द्या.” पेन उघडून त्या थांबल्या. “पण एखादा प्रसंग सांगा. कुठलं काम माझ्यावर सोपवलंत आणि परत बघायला आला नाहीत?”

साहेब आठवत बसले. बारा वर्षांत एकही सापडेना. एवढ्या माणसांच्या कामावर आपण कधी भरवसाच ठेवला नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

“एकही नाही,” ते शेवटी म्हणाले. “मग आजचा लिहा. हे पत्रच तुमच्यावर सोपवलं. खरं असेल ते लिहा, पाकीट चिकटवा आणि वकीलबाईंना नेऊन द्या.”

“वाचायचं नाही तुम्हाला?”

‘दाखवा’ हा शब्द अगदी ओठांवर आला होता. लेकीचं अख्खं वर्ष त्या कागदावर होतं.

“नाही,” ते म्हणाले, आणि दोन्ही हात खिशात कोंबून खोलीबाहेर गेले.