बायॉलॉजीला एकच मुलगी

"मॅडम, बायॉलॉजी सोडायलोय आम्ही," रणजित म्हणाला.

त्याच्या मागं आणखी चौघं उभे होते. पाचही जण भिजलेले, कारण बाहेर पाऊस आणि या पोरांना छत्री धरायची लाज वाटते.

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही सगळीच की."

मी चहाचा कप खाली ठेवला. अकरावी सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. बायॉलॉजीला एकूण सहा मुलं होती, आणि त्यातली पाच माझ्या टेबलासमोर फरशीवर पाणी गाळत उभी होती.

मी त्या शाळेत अकॅडमिक कोऑर्डिनेटर होते. नाव भारदस्त असलं तरी काम मुख्यतः टाइमटेबल लावण्याचं आणि त्यावरून बोलणी खाण्याचं. दोन हजार सालानंतर कोल्हापूरच्या आसपास ज्या इंटरनॅशनल शाळा उभ्या राहिल्या त्यातलीच ही एक. उचगावकडचे एक फौंड्रीमालक, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याचे मालक, तिचे चेअरमन. बोर्ड परदेशी. आपल्याकडे सायन्स घेतलं की विषय ठरलेले असतात, इथं तसं नव्हतं. विषयांचे ब्लॉक असायचे. ब्लॉक म्हणजे एकाच वेळी भरणाऱ्या वर्गांचा गट. विद्यार्थ्यानं प्रत्येक ब्लॉकमधून एक विषय उचलायचा. बायॉलॉजी आणि बिझनेस स्टडीज एका ब्लॉकमध्ये होते. एक घेतला की दुसरा गेला. आणि शाळेचा एक नियम होता, पाचपेक्षा कमी मुलं असतील तर तो विषय चालवायचा नाही.

"का सोडताय?" मी विचारलं.

"प्रॅक्टिकल साडेतीनला हाय. सुटेस्तोवर पाच वाजत्यात. तालमीचा सराव चारला असतोय."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. एकेका पेठेची तालीम असते, तिचं मंडळ असतं, गणपती असतो आणि बहुतेक ठिकाणी फुटबॉलचा संघ असतो. ही पाचही पोरं एकाच तालमीची. बापांच्या गाड्या कितीही मोठ्या असल्या तरी तालीम ती तालीम. रणजितचे मामा डॉक्टर, म्हणून रणजितनं बायॉलॉजी घेतली. रणजितनं घेतली म्हणून उरलेल्या चौघांनी घेतली. आता रणजित संघाचा कॅप्टन झाला होता. जून महिन्यातच मी चेअरमन साहेबांना म्हटलं होतं की ही पाच मुलं नाहीत, हा एकच मुलगा पाच वेळा बसलाय. ते हसले होते.

"आणि प्रज्ञाचं काय?"

"ती हुशार हाय, मॅडम. एकटी करंल की."

पाच जणांचा नियम या पोरांना माहीत नव्हता. त्यांच्या मनात काही वाईटही नव्हतं. मी त्यांना सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं आणि टाइमटेबलचा मोठा तक्ता पुढ्यात घेतला.

प्रज्ञा कांबळे ही सहावी. तिची आई गगनबावड्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स. वडील पाटबंधारे खात्यात, तेव्हा राधानगरीला. दोघांच्या बदल्या सतत चालायच्या, म्हणून मुलीला आमच्या होस्टेलला ठेवलेलं. गगनबावड्यात पाऊस सुरू झाला की घाट बंद होतो, लाइट जाते, आणि दवाखान्यातली डॉक्टरची जागा तर बाराही महिने रिकामी असायची. प्रज्ञा अशाच दवाखान्यांच्या क्वार्टरमध्ये वाढली होती. डॉक्टर व्हायचं हे तिनं कधी कुणाला गाजावाजा करून सांगितलं नाही. तिच्या घरी ते ठरलेलंच होतं. मेडिकलच्या प्रवेशाला फिजिक्स आणि केमिस्ट्रीबरोबर बायॉलॉजी लागतेच, तीही प्रॅक्टिकलसकट. बायॉलॉजी नाही तर फॉर्मच भरता येत नाही.

प्रॅक्टिकल सकाळी घेता आलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण आमचे बायॉलॉजीचे चौगुले सर व्हिजिटिंग होते. सकाळी त्यांचं कॉलेज, जेवून ते आमच्याकडे यायचे. मी त्यांना फोन केला.

"सर, एखाद्या दिवशी तरी सकाळी?"

"मॅडम, सकाळी कॉलेजात बायोमेट्रिक नाही, पण प्राचार्य आहेत. ते दारातच उभे असतात."

मी शनिवार धरून पाहिला, लंच ब्रेक कापून पाहिला, केमिस्ट्रीची लॅब उसनी घेऊन पाहिली. काही बसेना, आणि सोमवारी पोरं बिझनेस स्टडीजला जाऊन बसली. शेवटी मी चेअरमन साहेबांकडे गेले आणि म्हटलं, मला एक आठवडा द्या, मी काहीतरी जमवते.

"एका पोरीसाठी?" ते म्हणाले. "मॅडम, एका कास्टिंगसाठी मी भट्टी पेटवत न्हाई."

"साहेब, माणूस आहे ते."

"म्हणूनच सांगायलोय. तिला एन्व्हायर्न्मेंटल मॅनेजमेंट द्या. ते पन सायन्सच की. लॅब नको, काय नको."

"त्यावर मेडिकल मिळत नाही."

"सगळी डॉक्टर झाली तर आजारी कोण पडंल?" आपल्या विनोदावर ते स्वतःच हसले. माणूस दुष्ट नव्हता, हे मला आजही म्हणायला लागतं. पोरांच्या आजारपणात रात्री स्वतःची गाडी काढणारा माणूस. पण कारखाना चालवून चालवून त्यांना सगळीकडे कारखानाच दिसायचा. मला आठवडा मिळाला, असं समजून मी बाहेर आले. त्याच संध्याकाळी ऑफिसातून चौगुले सरांना फोन गेला की उद्यापासून येऊ नका. मला हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, बायॉलॉजीच्या तासाला प्रज्ञा वर्गात एकटीच बसलेली दिसली तेव्हा.

"सर आले नाहीत, मॅडम," ती म्हणाली.

मी तिला खरं ते सांगितलं. ती रडली नाही. पुस्तक मिटलं आणि विचारलं, "मग मी या तासाला कुठं बसू?"

 टाइमटेबल लावणाऱ्या बाईला विचारलेला साधा प्रश्न होता. मी तिला लायब्ररीत बसायला सांगितलं.

दोन दिवसांनी तिची आई आली. रजा टाकून, घाटातून एसटीनं, नर्सच्या पांढऱ्या साडीवर स्वेटर घालून. आल्या आल्या "जयभीम मॅडम" म्हणाल्या आणि खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"दुसऱ्या कॉलेजात घालू का तिला?"

"चौकशी केली मी. शहरातले अकरावीचे प्रवेश संपलेत. आपल्या शाळेच्या परदेशी बोर्डाचा दहावीचा निकालच आत्ता ऑगस्टमध्ये लागलाय. तोवर सगळं भरतं."

"म्हंजे तिकडचं दार लागलं आणि हिकडचं तुम्ही लावलासा."

"मी नाही लावलं, ताई."

"तुम्ही न्हाई. पण लागलं न्हवं?"

 त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पदरानं चष्मा पुसला, "बघा काय हुतंय का," म्हणाल्या आणि परतीची एसटी गाठायला निघाल्या.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी रिक्षा करून सरळ मैदानावर गेले. पाऊस थांबला होता. चिखलात पोरांचा सराव चालला होता. साडी सावरत मी कडेला उभी राहिले, तसा रणजित पळत आला. मी त्याला सगळं सांगितलं. पाच जणांचा नियम, चौगुले सर, गगनबावडा, तिची आई.

 तो मागं वळून ओरडला, "ए, हिकडं या रं सगळी!"

चौघं आले. रणजितनं त्यांना दोन वाक्यांत गोष्ट सांगितली.

"कांबळे डॉक्टर हुणार हुती?" एकानं विचारलं. "मग आधी का न्हाई बोलली?"

"तुम्हाला कशाला सांगेल ती?" मी म्हटलं.

"बसतो की मग आम्ही," रणजित म्हणाला. "सरावाला वाईच उशिरा येऊ. मी कॅप्टन हाय, मला कोन काय बोलतंय?"

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही जण माझ्या टेबलासमोर. "बायॉलॉजी परत घ्यायलोय, मॅडम." यातल्या तिघांना तरी बेडकाकडं बघवत नव्हतं. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. कोल्हापूरची पोरं अशीच. सोडतील तर सगळी सोडतील, आणि एकाच्या शब्दावर परत येतील तीही सगळीच.

मी लगेच चौगुले सरांना फोन लावला.

"अहो मॅडम," ते म्हणाले आणि थांबले. "मी दुपारचा वेळ सीईटीच्या क्लासला दिला. कालच. शब्द दिलाय."

"सर, सहा मुलं आहेत."

"तिकडं हॉल भरून आहेत, मॅडम. आणि मला शाळेनं फोनवर काढलं, तेही शिपायाकडून. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?"

त्यांचंही चुकलं असं मला म्हणता येईना.

मग मी दुसरा शिक्षक शोधायला लागले. ज्यांना बायॉलॉजी शिकवता येते ती सगळी माणसं कॉलेजात, नाहीतर क्लासमध्ये. इचलकरंजीहून एक जण आले. त्यांनी सिलॅबस चाळला. आमच्या बोर्डाची प्रॅक्टिकल परीक्षा पाठ करून देता येत नाही. त्या दिवशी समोर जे ठेवतील त्यावर मुलानं स्वतः प्रयोग मांडायचा असतो. ते म्हणाले, "विचार करून सांगतो." त्यांचा विचार अजून चालू आहे.

शेवटी परत चेअरमन साहेबांकडे. पाच पोरं परत आलीत हे ऐकून ते चकित झाले. क्षणभर मला वाटलं, जमलं.

"चांगली पोरं हायत," ते म्हणाले. "पन आता बिझनेस स्टडीजला जादा मास्तर घेतलाय मी. लॅबचं सामान केमिस्ट्रीत हलवलंय. गाडी पुढं गेली, मॅडम. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी प्रज्ञा बारावीला असणार होती, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. पोरं परत बिझनेस स्टडीजला गेली. रणजित महिनाभर माझ्याशी नजर मिळवत नव्हता.

प्रज्ञाच्या घरी असं ठरलं की एक वर्ष गेलं तरी चालेल, पण पुढच्या जूनमध्ये स्टेट बोर्डाला अकरावी सायन्स घ्यायचं. निर्णय शहाणा होता. दाखला मीच तयार करून दिला. ते वर्ष ती गगनबावड्याला आईच्या क्वार्टरमध्ये पुस्तकं घेऊन बसली.

पुढच्या जूनमध्ये तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, सायन्सचा फॉर्म आणलाय. ती भरंना झालीय. तुम्ही एकदा या."

मी गेले. प्रज्ञानं चहा केला, पोहे केले. वाळली होती. बोलताना आधीपेक्षा जास्त हसत होती आणि ते बघवत नव्हतं. मी तिला समजावलं. शहरातलं कॉलेज मोठं आहे, तिथं बायॉलॉजी कधी बंद होत नाही, तुझं काही गेलेलं नाही, अजून वेळ आहे. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मॅडम, मी आर्ट्सला नाव घातलंय," ती म्हणाली. "इतिहास घेतलाय."

"तुला इतिहास आवडतो?"

"नाही. पण त्या वर्गात ऐंशी मुलं असतात. मी असले काय, नसले काय, तास होतोच."

आई आत भांडी घासत होती. तो आवाज थांबला. मी पोह्यांची बशी हातात धरून बसून राहिले.  एसटीपर्यंत सोडायला प्रज्ञाच आली, छत्री माझ्यावर धरून.

आता पालक मला विचारतात, अमुक शाळेत विषय कोणकोणते आहेत हो? मी म्हणते, ते विचारू नका, माहितीपत्रकात सगळेच विषय असतात. तो विषय शिकवणारा माणूस दाखवा म्हणा. आणि तुमचं मूल सोडून त्या वर्गात आणखी कोण बसणार आहे, ते विचारा. एवढं विचारलं की शाळावाले जरा नाराज होतात. होऊ द्या.