मेलेल्यांच्या कापडाची गोधडी

चार बायका गोधडी शिवायला बसल्या की चिंध्या संपतात, बोलणं संपत नाही. लढाईच्या वर्षांत आम्ही कोपरगावला येसूबाईंच्या ओट्यावर दुपारी जमायचो, त्याला आता जमाना झाला. पण थंडीत गोधडी अंगावर ओढली की त्यातून एकेक किस्सा अजून बाहेर पडतो. आमच्या गोधड्या गेलेल्या माणसांच्या कपड्यांच्या असत. गावानं नाकं मुरडली. मुरडेनात का, आम्ही काही त्यांना पांघरायला देत नव्हतो!

*

सुरुवात येसूबाईंनी केली. त्यांचे यजमान गेले तेव्हा धाकटा दीर म्हणाला, "वयनी, दादाचं कपडं द्या. मेल्याचं कापड घरात ठिवू न्हाई, गंगेत सोडून येतो." गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.

येसूबाईंनी मुकाट्यानं गाठोडं बांधून दिलं. दिरानं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, डोळे पुसत ते सोडलं. संध्याकाळी घरभर आपलं नवं धोतर शोधायला लागला. कंट्रोलचे दिवस, कापड रेशनवर, धोतर जाणं म्हणजे मोठीच गोष्ट.

"वयनी, माझं धोतर कुटं हाय?"

"आसं कसं इचारता भावजी? सकाळी तुमीच न्हाई का गंगेत सोडलं?"

*

मग गावातला देवऋषी ओट्यापुढं येऊन उभा राहिला. म्हणाला, "मेल्याचं कापड पांघरलं तर त्यो रातच्याला उशाशी येऊन बोलंल."

येसूबाईंनी दातानं दोरा तोडला. "जिता हुता तवर माझ्याशी कधी धड बोलला न्हाई. आता येऊन बोलनार आसंल तर मी च्याला आधन ठिवते."

पुढच्या आठवड्यात देवऋष्याची बायको आली. पदराखाली तिच्या मेलेल्या बहिणीचं लुगडं होतं.

*

शेजारच्या शिंप्याची बायको रशीदाबी आमच्यात रोज बसायची. तिची धाकटी मुलगी तापात गेली. पोरीला चिंचोक्यांचा भारी नाद, दिवसभर चिंचेखाली असायची. रशीदाबीनं तिच्या परकराची गोधडी केली आणि एकेका चौकोनात एकेक चिंचोका घालून वरून टाके घातले. कडेला हिरव्या कापडाची चिंचेची पानं लावली. गोधडी पाहायला सुरेख, पण आडवं पडलं की अंगभर टोचायची.

दोन दिवसांत नवरा कुरकुरायला लागला, "अगं, हिच्यावर झोप कशी लागंल?"

"लागू नये म्हनूनच शिवली."

तिनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही हसलो. मग बराच वेळ कोणालाच सुईचं नेढं दिसेना. त्या दिवशी घरी जाताना मी रस्ताभर रडले.

*

एकदा नगरहून एक शिकलेल्या बाई आल्या. गोधड्या उलटसुलट करून पाहिल्या, फार खूश झाल्या. "अगदी अशीच एक मला करून द्याल का हो?"

"करू की," येसूबाई म्हणाल्या. "तुमच्यातलं कोन गेलंय?"

बाईंनी चपला काढल्या. मग ओट्यावर आमच्यात येऊन बसल्या.

*

आमच्यात एक चंद्रा होती, बावीस-तेविशीची. तिला शिवायला काही नव्हतं, ती नुसती सुयांत दोरा ओवून द्यायची. तिचा नवरा दत्तू लष्करात होता. तो लढाईत पडल्याची तार आली, पण सासूनं, भागूबाईनं, ती मानलीच नाही. "मढं दावा, मंग रडते," म्हणायची. चंद्राला कुंकू पुसायची बंदी होती आणि रडायचीही. रजेवर आला तेव्हा दत्तू आपला खाकी कोट घरी विसरला होता. भागूबाई तो रोज उन्हात घालायची. चंद्रानं एकदा त्याचं नुसतं बटण मागितलं, तर सासू कडाडली, "जित्या मानसाचा कोट फाडतीस व्हय?" पोरीचा जीव आतल्या आत कुढत होता, आणि आम्हाला काही करता येत नव्हतं.

एके दुपारी लष्कराचा माणूस भागूबाईचं घर विचारत ओट्यापाशी आला. ती आमच्यातच बसली होती. तो अदबीनं म्हणाला, "आई, दत्तूचा कोट सरकारी आहे. जमा करावा लागेल."

भागूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "का वं? दत्तूला परत लागनार न्हाई का त्यो?"

माणसानं मान खाली घातली. "नाही, आई."

भागूबाई उठली, आपल्या घरी गेली, कोट घेऊन आली. येसूबाईंच्या हातातली कात्री घेतली आणि खांद्यापासून दोन्ही बाह्या कराकरा कापल्या. माणूस हां हां करेपर्यंत तिनं त्या त्याच्या हातावर ठेवल्या.

"हात तुमच्या कामाला आलं, तवा ह्या बाह्या तुमी न्या. छाती माझी हाय, ती हितंच ऱ्हाईल."

"पण आई, मी तिकडं काय सांगू?"

भागूबाईनं उरलेला कोट चंद्राच्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "रड आता. आन् शिव."