आवडमामांची कवठं

कुणाला काय आवडतं, हे आवडमामांनी कधी तोंडानं विचारलं नाही. “इचारून आणलं की ते वाणसामान झालं, ताई,” असं ते म्हणत. माणूस न्याहाळायचा, काही दिवस गप्प राहायचं आणि एके दिवशी नेमकी वस्तू त्याच्या हातावर ठेवायची. कुरुळीतल्या आमच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये त्यांचं खरं नाव फार कुणाला ठाऊक नव्हतं. आवडमामा म्हटलं की पोस्टमनसुद्धा बरोबर दार गाठायचा.

ही विद्या त्यांना मोबाइलमधल्या एका गेमनं शिकवली होती. चाकणच्या एका कंपनीत ते पेंट शॉपला होते, मी तिथंच क्वालिटीत. सकाळच्या बसमध्ये बाकीचे पुरुष माना टाकून झोपत आणि चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून मोबाइलमधली वांगी तोडत बसे. त्या गेममध्ये एक गाव होतं. शेती करायची आणि गावकऱ्यांना भेटी देऊन त्यांच्याशी मैत्री जोडायची. मनासारखं मिळालं की गावकऱ्याच्या डोक्यावर लाल बदाम उमटायचा, नाहीतर तोंड वाकडं. “ह्या लोहाराला फुलं दिली तर रुसला बघा. त्याला लोणचं लागतंय,” असं ते इतक्या काळजीनं सांगत की मला हसू आवरायचं नाही.

मग हाच प्रयोग त्यांनी आमच्यावर सुरू केला. घरमालकाची म्हातारी आई पाण्याच्या मोटरीवर पहारा द्यायची. एक बादली जास्त भरली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. मामांनी तिच्यासाठी गावाकडून काळी भाजलेली मिश्री आणली. डबी हुंगून म्हातारी म्हणाली, “व्हय रं, तुला कुनी सांगितलं? माज्या सुनंला बी ठावं न्हाई.” त्या दिवसापासून मामांची पिंपं भरेपर्यंत मोटर चालू राहू लागली. माझी गोष्ट निराळी. पातेल्याच्या बुडाची खरवड मला फार आवडते, हे माझ्या नवऱ्याला अजूनही माहीत नाही. मामांनी एकदा कॅन्टीनच्या मसालेभाताची खरवड डब्यात घालून आणून दिली. त्या दिवशी मी नवऱ्याशी जरा कमीच बोलले.

मामा जालन्याकडचे. आईवडील लवकर गेले. थोरल्या बहिणीनं, अक्कानं, वाढवलं. ती सासरी गेल्यावर ते आश्रमशाळेत राहिले. लग्न केलं नाही. जगात आपलं म्हणावं अशी एकटी अक्का. तिच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मामांनी सगळ्या खोल्यांत पेढे वाटले आणि निघताना म्हातारीच्या बांधावरच्या झाडाची टोपलीभर पिकली कवठं घेतली. आम्हाला वाटलं, वाटेत खायला असतील.

आमच्याकडे अशा लग्नात भाऊ बहिणीला साडीचा आहेर करतो. माइकवर त्याचं नाव पुकारतात. ती साडी बहिणीला आवडते का, ती कधी नेसेल का, याचा कुणी विचार करत नाही. तिचं माहेर शाबूत आहे एवढं सासरच्यांना दिसावं लागतं. हे मामांना कुणी शिकवलंच नव्हतं. खोल्यांमधल्या कुठल्याही बाईनं एका वाक्यात सांगितलं असतं, पण विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. “भाचीचं समदं नीट केलं, ताई. अक्काच्या पेटीत आहेराच्या साड्यांची थप्पी पडलीय, एकीचीबी घडी मोडलेली नाही. म्हणून म्हणलं, लहानपणी जीव टाकायची ती कवठं नेऊ. माइकवर पुकारलं, मामाकडून कवठं. अख्खा मांडव हसला. अक्काची सासू म्हणली, भावाला साडीसुदीक झाली नाही का? अक्का टोपली घेऊन आत गेली.”

त्यानंतर अक्कानं त्यांचा फोन उचलला नाही. मामांनी भारी साडी पाठवली, ती तशीच परत आली. “गेममधी चुकीचं दिलं तर दुसऱ्या दिवशी दुसरं देता येतंय,” एवढंच ते म्हणाले. दिवाळीच्या आधी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, “ताई, तुम्हाला काय आणू?” मला इतकं वाईट वाटलं, की काही नको म्हणून मी आत निघून आले. पुढं ते सगळ्यांनाच विचारून आणू लागले. साबण, डबे, पायपुसणी.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीतच त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले. खोली रिकामी करायला अक्का आली. मामांसारखंच रुंद कपाळ. चहा घेता घेता मी धीर करून लग्नाचा विषय काढला.

“लोकं जेवायला बसली तवा मी धान्याच्या खोलीत दार लावून घेतलं,” ती म्हणाली. “गूळ घालून एकटीनं खाल्ली कवठं. पुढंबी पुरवून पुरवून खाल्ली. लेकीलासुदीक दिली नाहीत.”

“मग मामांना सांगितलं का नाही?”

“सासू होती तवर भ्याले. साडीबी तिनंच परत धाडली. ती गेल्यावर लाज वाटाय लागली. म्हणलं, भेटल तवा तोंडावरच सांगू.”

आपल्याला सख्ख्या बहिणीची आवड कळली नाही, असं समजूनच मामा गेले.