ताट वाचणाऱ्या बाई

दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवलं जातं. आमच्या बाईंना ते कुणी शिकवलं नसावं. मधल्या सुट्टीत त्या व्हरांड्यातून फिरायच्या आणि सरळ पोरांच्या डब्यात डोकं घालायच्या. "ही भाकरी कुठनं आली रे?" पोरगं म्हणायचं, "आईनं दिली." की बाई त्याच्यासमोर फरशीवर बसल्याच. "आईनं थापली, ते कळलं. ज्वारी कुणाच्या रानातली? पेरली कुणी, काढली कुणी, दळली कुठं?" पोराचा घास हातातच राहायचा. घंटा होईपर्यंत त्या एका भाकरीमागं अर्धा तालुका उभा राहायचा आणि डबा तसाच घरी परत जायचा.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी त्याच शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. रोज सकाळी बारामतीहून एसटीनं कन्हेरीच्या पुढं जायचं, फाट्यावर उतरायचं आणि कालव्याच्या कडेनं शाळेपर्यंत चालायचं. बाई माझ्यापेक्षा खूप ज्येष्ठ, पन्नाशी ओलांडलेल्या, बारामतीत एकट्याच राहणाऱ्या. आमची एसटी एकच, त्यामुळं रस्ताभर त्यांच्या शेजारी बसणं माझ्या नशिबी आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पिशवीकडं बोट दाखवून विचारलं, "डब्यात काय?" मी म्हटलं, "मेथी." त्या म्हणाल्या, "कुठली मेथी?" मला राग आला होता. पुढं वर्षभरात मीच मंडईत भाजीवालीला विचारू लागले की बाई, ही मेथी कुठल्या गावची, विहिरीवरची का कालव्यावरची.

वर्गात त्या फळ्यावर खडूनं मोठं गोल ताट काढायच्या. त्यात भाकरी, कालवण, चटणी, मीठ. मग प्रत्येक पदार्थापासून एकेक रेघ बाहेर निघायची. मिठाची रेघ घाट उतरून समुद्राला जायची, हळदीची सांगलीला, चहापत्तीची तर फळ्यावरून उतरून भिंतीवर. एकदा एका पोरानं तूरडाळीच्या रेघेपुढं "मामा" असं लिहिलं. सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. मामाचं गाव कुठलं? जमीन काळी का मुरमाड? पाणी कशाचं?" त्या एका मामावर त्यांनी अख्खा भूगोलाचा तास काढला. "ताट वाचायला शिका," असं त्या पोरांना सांगत. त्यावरून गावात त्यांचं नाव पडलं, ताटाच्या बाई.

दुधाचा तास मला सगळ्यात जास्त आठवतो. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या गोठ्यात गाई होत्या आणि बहुतेक सगळी पोरं सकाळी कोरा चहा पिऊन शाळेत येत. बाईंनी विचारलं, "गाय कुणाची?" पोरं म्हणाली, "आमची." "वैरण कुणाची?" "आमची." "शेण कोण काढतं?" "आमीच." "मग दूध कुणाचं?" एक पोरगी म्हणाली, "डेरीचं." बाई हसल्या नाहीत. त्यांनी ती दुधाची रेघ तशीच अर्धवट सोडली आणि म्हणाल्या, "ही घरी जाऊन पुरी करा." दुसऱ्या दिवशी दोन बाप तणतणत शाळेत आले, की पोरं पेलाभर दुधाला हटून बसली. पण त्यातल्या एका घरात पेला सुरू झाला, हेही खरं.

लग्नात बाईंच्या शेजारी जेवायला बसणं म्हणजे शिक्षाच. वाढप्याला थांबवून त्या रश्श्यातल्या खोबऱ्याची चौकशी करत. यजमानाला वाटे, ही बाई आमच्या जेवणाला नावं ठेवते. मुख्याध्यापक तर त्यांच्या मागं म्हणत, "बाई जेवत नाहीत, पंचनामा करतात." मीही त्यात हसले आहे. पण पोरांचं बोट धरून नेणारी तशी बाई मी पुन्हा पाहिली नाही. त्यांच्या वर्गातली पोरं अन्न टाकत नसत आणि कुणाच्या रानातून जाताना बांधावरूनच चालत. बाईंचा एकाच गोष्टीवर विश्वास होता. घास कुठून आला हे पोराला मोकळेपणानं सांगता आलं, की त्याला कशाची लाज वाटणार नाही. तो विश्वास खोटा होता, असं म्हणायला आजही माझी जीभ रेटत नाही. पण झालं ते असं.

सहावीच्या वर्गात सुमन नावाची मुलगी होती. आई-वडील दोघं मजुरी करणारे, जमिनीचा तुकडा नाही. पोरगी मात्र चुणचुणीत. तिच्या डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, वर्षभर तेच. एकदा बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सरव्याच्या शेंगा हायत, बाई." सरवा म्हणजे पीक काढून नेल्यावर रानात मागं राहिलेलं. भुईमूग उपटला की बऱ्याच शेंगा मातीतच तुटून राहतात. मालकाच्या गाड्या गेल्या की वस्तीवरच्या बायका खुरपं घेऊन रानात उतरतात आणि माती उकरून त्या वेचतात. वर्षाचं कूट आणि चटणी त्यावर निघते. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पण त्याची एक रीत होती. कुणी परवानगी मागत नसे आणि कुणी देत नसे. मालक त्या वेळी रानाकडं फिरकत नसे आणि बायका भरलेलं गाठोडं रस्त्यानं मिरवत नसत.

बाई बारामतीच्या. ताटाबद्दल एवढं विचारणाऱ्या बाईंनी ही रीत मात्र विचारली नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की बाकीची पोरं ऐकीव सांगतात आणि ही पोरगी स्वतःच्या हातानं मातीतून काढलेलं खाते. त्या हरखून गेल्या. त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्यांनी शाळेत "आमचं ताट" असं प्रदर्शन मांडलं. प्रत्येक पोरानं घरातला एक पदार्थ वाटीत आणायचा आणि तो कुठून आला ते पाहुण्यांना सांगायचं. सुमनला त्यांनी सगळ्यात शेवटी उभं केलं, कारण तिचं सगळ्यात चांगलं झालं होतं.

प्रमुख पाहुणे होते आबा. गावातले मोठे बागायतदार, शाळेच्या कमिटीवर, स्वभावानं तसे वाईट नव्हेत. शाल-नारळ घेऊन ते एकेका वाटीपुढं थांबत होते. सुमनच्या वाटीत चटणी आणि शेजारी मूठभर काळपट शेंगा. ती खणखणीत आवाजात बोलू लागली. खुरपं कसं धरायचं, कोंब आलेली शेंग कशी ओळखायची, आई आणि वस्तीवरच्या बायका किती वाकून वेचतात, सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, "ह्या आबांच्या कालव्याकडच्या रानातल्या हायत. त्या रानातल्या शेंगा लई गोड."

मी शेजारीच उभी होते. आबांनी त्यातली एक शेंग उचलून पाहिली. मग हसले. "आमच्याच शेंगा आमालाच दाखवतीस व्हय गं?" लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "चोरीचा माल परदर्शनात!" मग तर हशा थांबेचना. सुमनला काय झालं ते कळलं नाही, तीही हसली. बाईंचा चेहरा मात्र पडला. त्यांनी पुढं होऊन पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. पण पोरीच्या तोंडातून गेलेला शब्द त्यांना परत घेता येणार नव्हता.

उन्हाळ्यात आबांचा भुईमूग निघाला. गाड्या गेल्या त्याच संध्याकाळी त्यांनी रानात ट्रॅक्टर घातला आणि मागं राहिलेल्या शेंगा खोल मातीत गाडून टाकल्या. आबांनी केलं म्हटल्यावर बाकीच्यांनीही केलं. नाहीतर गावात हसं झालं असतं, की याच्या रानातलं लोक नेतात आणि याला पत्ताच नाही. बायका खुरपी घेऊन बांधापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सुमनची आई आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. बाई म्हणाल्या, "बसा." ती म्हणाली, "बसाय न्हाय आले. तुमी शिकल्या-सवरल्या बाया. तुमच्या ताटात काय असंल ते सुखानं खावा. आमच्या ताटात कशाला बघितलं?" एवढं बोलून ती आली तशी निघून गेली.

बाई त्याच दिवशी आबांच्या घरी गेल्या आणि मला बरोबर घेऊन गेल्या. आबांनी चहा दिला, खुर्ची दिली. "बाई, मी कुनाला आडवलंय? घरी यावं, मागावं, पायलीभर शेंगा पदरात घालतो की. पर रानात न्हाय. आता सगळ्यांम्होरं निघालंय ते. आज मी गप बसलो तर उद्या हुबं पीक न्हेतील." त्यांचं म्हणणं त्यांच्या परीनं सरळ होतं, याचाच मला जास्त संताप आला. बाईंनी हा निरोप वस्तीवर पोचवला. सुमनची आई म्हणाली, "येचून खानं येगळं, मागून खानं येगळं." आणि तिनं दार लोटून घेतलं.

सुमन सातवीत थोडे दिवस आली. पोरं तिला "शेंगावाली" म्हणायला लागली होती. घरातलं वर्षाचं कूट गेलं होतं, ते मजुरीनंच भरून काढायला हवं होतं. पावसाळा सरता सरता ती आईबरोबर इंदापूरकडं द्राक्षाच्या बागेत कामाला गेली, ती परत शाळेत आली नाही. गावाचं काही बिघडलं नाही. पुढच्या संमेलनाला आबाच प्रमुख पाहुणे होते.

बाईंनी त्यानंतर फळ्यावर ताट काढलं नाही. पुस्तक उघडत आणि वाचून दाखवत, "भुईमूग हे तेलबियांचे पीक आहे." मधल्या सुट्टीत त्या स्टाफरूममध्ये भिंतीकडं तोंड करून जेवत. मला ते सहन होईना. एकदा एसटीत मी भांडले, "एवढी वर्षं चांगलं शिकवलंत, ते असं सोडून द्यायचं?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुझ्या घरात कूट आहे ना अजून? मग तुला बोलायला काय जातंय." त्यांचं खरं होतं आणि तरी मला त्यांचा राग आला होता. सुमनबरोबर बाकीच्या पोरांचंही ताट त्यांनी पुसलं, असं मला वाटत होतं. आजही वाटतं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा बाई निवृत्त झाल्या आणि इंदापूरला बहिणीकडं राहायला निघाल्या. सामान पोचवायला मी सोबत गेले. इंदापूरच्या स्टँडबाहेर बागेत जाणाऱ्या बायका टेम्पोची वाट बघत उभ्या होत्या. त्यातली एक धावत आली आणि वाकून बाईंच्या पाया पडली. डोक्याला फडकं, हातात कात्री. मला ओळखायला वेळ लागला, बाईंना लागला नाही.

"सुमन," त्या म्हणाल्या.

"बऱ्या हाय का, बाई?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, मी नीट ऐकत होते. लग्न झाल्याचं सांगितलं, आई थकल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "धाकटा भाऊ माझ्याकडंच असतो. पहिलीत घातलाय. त्याला मी आधीच शिकवून ठिवलंय, डब्यात काय हाय आसं त्याच्या बाईंनी इचारलं तर इकत आनलंय म्हनायचं. दुसरं कायबी बोलायचं न्हाय."

हे ती टोमणा म्हणून बोलली नव्हती. घरातली एक व्यवस्था सांगावी तसं सांगितलं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरोबर शिकवलंस, बाळ."

ती पळत जाऊन टेम्पोत चढली. बाई पिशवी उचलून रिक्षाकडं चालू लागल्या. एवढ्या वर्षांत विद्यार्थ्याला त्यांनी दिलेली शाबासकी मी अनेकदा ऐकली होती. ही शेवटची.